शिवराक बसाण्णा

फोन आला तेव्हा उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये मी मशीन बंद करून हात धूत होतो. संध्याकाळचे सात वाजले असतील. गणपती आठवड्यावर आले होते, समोरच्या बोळात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. मोबाइलवर देवगडच्या दत्तारामचं नाव दिसलं आणि मला बरं वाटलं. दत्तारामची ट्रॉलर पाच दिवसांपूर्वी खोल समुद्रात गेली होती आणि तिच्यावर बसाण्णा होता. फोन आला म्हणजे रेंजमध्ये आले, किनारा जवळ आला, असं इतक्या वर्षांच्या सवयीनं मी धरून चाललो. पलीकडून आधी नुसता इंजिनाचा आवाज ऐकू आला. मग दत्ताराम म्हणाला, "मधुभाऊ, बसाण्णा गेलो." मी विचारलं, कुठं गेला?... मालवणीत 'गेलो' म्हणजे 'गेला' हे मला चांगलं ठाऊक आहे, आणि तो कुठल्या अर्थानं म्हणतोय हेही त्याच्या आवाजावरून कळलं होतं. तरी मी विचारलं. इंजिनाचा आवाज तेवढा येत राहिला, एकसारखा, कुठंही न अडखळता. ते इंजिन बसाण्णानंच जुलैमध्ये बसवलेलं होतं.

बसाण्णा आणि मी आयटीआयपासूनचे. मी टर्नर, तो डिझेल मेकॅनिक. त्याचं गाव हिरण्यकेशीच्या काठचं, पार कर्नाटकाला टेकलेलं. घरात कानडी, गल्लीत मराठी. नाव बसवंत, पण पाच भावंडांत थोरला म्हणून घरचे अण्णा म्हणायचे आणि बाहेर त्याचा बसाण्णा झाला. लिंगायत घर, गळ्यात लिंग, सकाळी तळहातावर लिंग घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. अंड्याच्या गाडीच्या बाजूनंसुद्धा तो जायचा नाही. असा माणूस पुढं पस्तीस वर्षं माशांच्या बोटींवर काढील असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तो स्वतःच हसला असता.

झालं ते असं. आम्ही दोघांनी शेड टाकून दोन-तीन वर्षं झाली होती. उसाच्या पट्ट्यातली इंजिनं, पाण्याचे पंप, ट्रॅक्टर अशी कामं यायची. एकदा मासळीच्या टेम्पोवाल्यानं देवगडहून एका लाँचच्या इंजिनाचं हेड आणलं. चिरलेलं होतं. बसाण्णानं ते दुरुस्त करून पाठवलं, महिन्याभरात तेच हेड पुन्हा चिरून परत आलं. बसाण्णानं पाण्याच्या वाटेत बोट घातलं, बाहेर काढून वास घेतला, जिभेला लावलं. मीठ होतं. म्हणाला, इंजिन कुठं बसलंय ते बघितल्याबिगर हे न्हाय कळायचं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो गगनबावड्यावरून घाट उतरून खाली गेला. आठ दिवसांनी परत आला तेव्हा मी विचारलं, समुद्र कसा आहे? त्यानं जरा आठवून बघितलं आणि सांगितलं की, वर बघायला वेळच झाला नाही, सगळे दिवस खाली इंजिनाच्या खणात होतो.

तेव्हापासून दरवर्षी जून-जुलै तो देवगडात काढू लागला. पावसाळ्याची मासेमारीबंदी लागली की बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, नारळाच्या विणलेल्या झापांनी झाकलेल्या असतात. हीच इंजिनं खोलायची वेळ. बंदी उठेपर्यंत सगळी जोडून द्यायची, कारण पहिल्या महिन्यातल्या मासळीवरच पुढचं वर्ष अवलंबून. दत्तारामचे वडील तेव्हा तांडेल होते, म्हणजे बोटीचे कप्तान. त्यांच्या पडवीत बसाण्णाची वेगळी चूल मांडली जाई, वेगळं पातेलं, वेगळा तवा. घरच्या बायकांनी त्याच्या भांड्याला कधी माशाचा हात लागू दिला नाही. बिनमाशाच्या जेवणाला तिकडं शिवराक म्हणतात. त्यावरून बंदरावर तो 'शिवराक बसाण्णा' झाला. नाव ठेवलं ते थट्टेनं, पण पुढं पुढं लोक ते आदरानं घेऊ लागले. इंजिनाला कान लावून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता.

मासा न खाणाऱ्या या माणसाला मासळीचं सगळं ठाऊक झालं होतं. शेडमध्ये चहा पिताना तो मला सांगत बसायचा. ऑगस्टात कोळंबी आणि म्हाकूल, मागोमाग पापलेट. नवरात्राच्या सुमाराला बांगडा किनाऱ्याकडं येतो, थंडी पडली की सुरमई. मी म्हणायचो, अरे, तुला यातल्या एकाची तरी चव ठाऊक आहे का? तो म्हणायचा, चव नसंना, वजन ठाऊक हाय की. जाळं किती जड झालंय ते इंजिनाच्या आवाजात कळतंय.

आणि हळूहळू तो आवाज हलका होत गेला. हे त्यानंच मला पहिल्यांदा सांगितलं, वर्तमानपत्रांत यायच्या पुष्कळ आधी. पूर्वी दहा-बारा वावांवर जाळी भरायची. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी खोली. सकाळी गेलेली बोट संध्याकाळी परत यायची. मग वीस वाव झाले, तीस झाले, आता चाळीस-पन्नास वावांवर जावं लागतं आणि आठ-आठ दिवस राहावं लागतं. बाहेरच्या मोठ्या बोटी येतात, प्रखर दिवे सोडून सगळं उपसून नेतात. पाणी तापलंय असं जुने लोक सांगतात. बांगडा यायचा तेव्हा येत नाही, आला तर भलतीकडं जातो. त्यात केंड नावाचा काटेरी, फुगणारा मासा थव्यानं येऊन धरलेली मासळी खातो आणि जाळी कुरतडून टाकतो. दिवाळीच्या तोंडावर एकामागून एक वादळं, त्यात बोटी अर्ध्यातून परत. बसाण्णाला या सगळ्याचा अर्थ एकच लागायचा, की जे इंजिन वर्षाला अमुक तास चालायचं ते आता तिप्पट चालतंय, आणि किनाऱ्यापासून तिप्पट लांब चालतंय. बंद पडलं तर पोहत यायचं अंतर राहिलेलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहावं की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला...

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. दत्तारामचा धाकटा भाऊ विलास याची स्वतंत्र बोट होती. बंदीच्या दिवसांत बसाण्णानं तिचं इंजिन खोललं. क्रँकशाफ्ट झिजलेला होता. तो ग्राइंड करून नवी बेअरिंग घालणं भाग होतं. जुलैच्या मध्याला शाफ्ट घाट चढून माझ्याकडं आला. माझ्याकडं तेव्हा साखर कारखान्याचं मोठं काम होतं, कारखान्याचे साहेब रोज येऊन उभे राहायचे. मी शाफ्ट कोपऱ्यात ठेवला. आज करू, उद्या करू असं करत पंधरा दिवस तो गोणपाटाखाली पडून राहिला. बंदी उठायला दोन दिवस असताना बसाण्णा स्वतः तो न्यायला आला. त्यानं गोणपाट उचललं, शाफ्टवर अंगठा फिरवला आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, आणखी चार दिवस दे. तो म्हणाला, त्या पोरानं बर्फ भरायला घेतलाय, मध्या. आणि शाफ्ट तसाच घेऊन गेला. पॉलिश पेपरनं हातानं घासून, जुनी बेअरिंग जुळवून त्यानं इंजिन जोडलं आणि विलासला सांगितलं की, जास्त रेस करू नको, दिवाळीपर्यंत चालंल, मग परत खोलू.

दिवाळीला चार दिवस होते. वादळाचा इशारा आला, सगळ्या बोटी बंदराकडं फिरल्या. विलास सगळ्यांत बाहेर होता. वादळाच्या पुढं निसटायचं म्हणून त्यानं रेस वाढवली असणार, कुणीही वाढवली असती. वाटेत इंजिन जाम झालं. बोटीवर चौघं होते. दुसऱ्या बोटीनं दोरी टाकून दोघांना ओढून घेतलं, तेवढ्यात दोरी तुटली. विलास आणि एक खलाशी सापडले नाहीत. बोटीची एक फळी आठवड्यानं खालच्या किनाऱ्यावर लागली.

बसाण्णा खाली जाऊन आला. तिथं काय झालं हे त्यानं मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तो शेडमध्ये आला, गोणपाट जिथं होतं त्या कोपऱ्यात थोडा वेळ उभा राहिला आणि दुसऱ्या कामाला लागला. त्या दिवसापासून तो गेला त्या दिवसापर्यंत त्यानं त्या शाफ्टचा शब्द माझ्यापाशी काढला नाही. एकदा भांडला असता तर बरं झालं असतं असं मला कितीदा वाटलं. आमचा चहा, आमचा डबा, त्याच्या मुलीचं लग्न, माझं डोळ्याचं ऑपरेशन, सगळं नेहमीसारखं चालू राहिलं, आणि तो कोपरा आम्ही दोघांनीही रिकामा ठेवला.

पुढच्या वर्षीपासून त्यानं नवीनच सुरू केलं. बंदी उठली की दत्तारामच्या बोटीच्या पहिल्या फेरीला तो स्वतः बरोबर जायचा. इंजिन जोडून किनाऱ्यावर थांबणं त्याला जमेना. आठ-आठ दिवस तो माणूस इंजिनाच्या खणाशेजारी बसून काढायचा. सोबत त्याच्या बायकोनं, गौरावैनींनी, बांधून दिलेली कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ. सुरुवातीला उलट्या होऊन तो पार गळून जायचा. सकाळी लिंगपूजेला बसला की खलाशी आपणहून आवाज कमी करायचे, असं दत्ताराम सांगायचा.

या वर्षी मी त्याला जाऊ नको म्हटलं होतं. वय त्रेसष्ट. उन्हाळ्यात छातीत कळ येऊन दवाखान्यात चार दिवस काढलेले. डॉक्टरांनी दगदग नको म्हणून बजावलेलं. पण दत्तारामनं जुनं इंजिन काढून नवं बसवलं होतं, आणि ऑगस्टचे पहिले पंधरा दिवस समुद्र इतका खवळलेला, की बंदी उठूनही बोटी बाहेर पडल्या नव्हत्या. शेवटी उघडीप झाली आणि बसाण्णानं पिशवी भरली. मी स्टँडवर सोडायला गेलो होतो. गगनबावड्याची गाडी लागली होती, पावसाची झड चालू होती. मी परत एकदा म्हटलं, एक वर्ष राहू दे, दुसरा कुणीतरी जाईल. तो म्हणाला, "नवं इंजिन पयल्यांदा पाण्यात चाललंय. मी नको व्हय?" मग गाडीत चढला, खिडकीपाशी बसला आणि काच लागत नव्हती ती दोन्ही हातांनी ठोकून बसवली. तेच शेवटचं बघणं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि त्याचा जावई गाडी करून निघालो. देवगडला सरकारी दवाखान्यातले सोपस्कार उरकेपर्यंत दुपार झाली. बंदरावरची एकही बोट त्या दिवशी बाहेर गेली नव्हती. पंधरा दिवस वाया गेल्यानंतर मिळालेली उघडीप त्यांनी सोडून दिली आणि सगळे दवाखान्याच्या आवारात पावसात उभे होते. परतताना दत्ताराम न विचारताच आमच्या गाडीत येऊन बसला. अंबुलन्स पुढं, आम्ही मागं. वैभववाडी मागं पडली. मग त्यानं आपणहून सांगायला सुरुवात केली.

पन्नास वावांवर होते. चार दिवस जाळ्याला काही लागलं नव्हतं, नुसतं जेलीफिश आणि केंड. पाचव्या दिवशी दुपारी जाळं ओढायला घेतलं आणि बोट एका अंगाला कलली, इतकं ते भरलं होतं. पापलेट पाण्यात चमकताना दिसत होतं. दत्ताराम म्हणाला, वडील गेल्यापासून असं जाळं मी पाहिलं नव्हतं. बसाण्णा खालून ओरडला, जड आलंय की रं! आवाजावरून त्याला कळलं होतं. तो बघायला वर आला, कठड्याला धरून उभा राहिला आणि तसाच खाली बसला. चेहरा घामानं भिजलेला, डावा हात उचलेना. जाळं पुरतं वर घ्यायला तासभर तरी लागला असता, आणि ते लोंबकळत ठेवून बोट पळत नाही. दत्तारामनं कोयता उचलला. बसाण्णानं ते बघितलं आणि म्हणाला, जाळं ओढ आधी, पोरांचं वर्ष हाय त्यात. दत्तारामनं दोर तोडले. जाळं, मासळी, सगळं खाली गेलं. मग त्यानं पूर्ण रेस दिली. पाच तासांचं अंतर होतं. फळीवर आडवा पडलेला बसाण्णा डोळे मिटून ऐकत होता. थोड्या वेळानं त्यानं हातानं खूण केली आणि म्हणाला, "हळू... तापतंय." दत्तारामनं रेस कमी केली नाही. अर्ध्या वाटेत त्यानं बसाण्णाला हात लावून बघितलं तेव्हा सगळं संपलं होतं.

"तेचा मी ऐकूक नाय," दत्ताराम म्हणाला. "विलासची येळ होती तेवा तो माझ्या आवशीच्या पायार पडान सांगलान, माझी चूक, मी बसवलंय, मीच सांगलंय चालात म्हणान. दुसऱ्या वर्षी तेची चूल आयेनाच मांडल्यान."

घाट चढत होतो. पावसानं पुढचं काही दिसत नव्हतं, अंबुलन्सचा लाल दिवा तेवढा. मी त्याला शाफ्टचं सांगितलं. साखर कारखान्याचं काम, गोणपाट, पंधरा दिवस, सगळं. दत्तारामच्या आईच्या पाया पडतानाही बसाण्णानं माझं नाव घेतलं नव्हतं हे मला त्याच क्षणी कळत होतं, आणि मी बोलायचा थांबू शकत नव्हतो. माझं बोलणं संपलं तेव्हा दत्तारामनं ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. गगनबावडा जवळ आला होता. तो उतरला आणि रस्त्याच्या कडेला पाठ करून पावसात उभा राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं... पुढं गेलेली अंबुलन्सही वळणावर थांबली. आता हा इथूनच परत फिरतो असं मला वाटलं, आणि फिरला असता तर मी काही म्हणू शकलो नसतो. मग तो आला, दार उघडून माझ्या शेजारी बसला. कपड्यांतून पाणी गळत होतं. "चला," एवढंच म्हणाला. त्यानं मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तसं तो बोललेला नाही, आणि त्यानंतर आमचा फोन होतो तो कामापुरता.

दिवस मावळायच्या आत उचगावला, बसाण्णाच्या घरी पोचलो. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे बसाण्णाला समाधीत बसवलं, गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवलं. जंगमांचे, म्हणजे लिंगायत पुरोहितांचे, मंत्र म्हणून झाल्यावर लोक विभूती आणि बेलाची पानं घालत होते. दत्ताराम पुढं येईना. मासळीच्या धंद्यातला माणूस, आपण हात लावावा की नाही अशा संकोचात तो मागं उभा होता. गौरावैनींनी त्याला बघितलं. त्या कुणाला काही म्हणाल्या नाहीत, स्वतः मागं गेल्या, त्याच्या मनगटाला धरून पुढं आणलं आणि त्याच्या ओंजळीत विभूती दिली.

आता दसरा होऊन गेला. खंडेनवमीला शेडमधल्या हत्यारांची पूजा या वर्षी मी एकट्यानं केली. परवा सकाळी काही कागदांवर वैनींची सही हवी होती म्हणून उचगावला गेलो. स्वयंपाकघरात त्या पाटावर बसलेल्या, परातीत पीठ काढून ठेवलेलं, समोर भिंतीला टेकून मोबाइल. मोबाइलवर समुद्राच्या हवामानाची बातमी चालली होती. दक्षिण कोकण, वाऱ्याचा वेग, लाटांची उंची, मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये... ज्या घरात सुकटीचा वासही कधी आला नाही त्या घरात हे ऐकून मी दारातच थांबलो. वैनी म्हणाल्या, इतकी वर्षं रोज सकाळी ते हेच लावून बसायचे, आणि मग देवगडला फोन करायचे. तिकडच्या लोकांच्या मोबाइलवर हे सगळं येतं हे ठाऊक असूनही करायचे. आता कोण करणार, म्हणून मी करते.

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. कानडी वळणाच्या मराठीत, मोठ्यानं, शेजारच्या घरात बोलावं तसं म्हणाल्या, "दत्ताराम, वारं लई हाय म्हणत्यात. दोन दिवस जाऊ नगासा."

मला ठाऊक होतं की, दत्तारामची बोट त्या दिवसापासून नांगरावरच आहे. नवं जाळं झालेलं नाही, खलाशी आपापल्या गावाला गेले, तो स्वतः दुसऱ्याच्या बोटीवर बर्फ चढवायला जातो. पलीकडून त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "बरा वैनी," तो म्हणाला, "नाय जानय."

वैनींनी मोबाइल बंद केला, पदराला हात पुसला आणि पिठात पाणी घातलं. मला म्हणाल्या, बसा भाऊजी, भाकरी खाऊनच जावा. मी बसलो.